पांढरी माशी : एका नावाखालच्या अनेक जाती

पांढरी माशी (बेमिसिया टॅबासी) ही कपाशी, टोमॅटो, भेंडी, वांगी, मूग, सोयाबीन अशा शेकडो वनस्पतींवर जगणारी रसशोषक कीड आहे. नावात माशी असली तरी घरमाशीशी तिचे नाते नाही. ती मावा-तुडतुड्यांच्या गणातली. शेतात जिला आपण एकच कीड समजतो, ते खरे तर दिसायला सारख्या पण आनुवंशिक दृष्ट्या वेगळ्या अशा ४० च्या आसपास जातींचे संकुल आहे. नारळाच्या झावळ्यांखाली पांढरी चक्रे उमटवणारी रुगोज पांढरी माशी मात्र यात येत नाही. तिची प्रजातीच (जवळच्या जातींचा वरचा गट) निराळी.

भेंडीचे पान हलक्या हाताने उलटले की जेमतेम १ मिलिमीटर लांबीच्या माश्या दिसतात, पांढऱ्या मेणाच्या भुकटीने माखलेल्या. शेजारीच पानाला चिकटलेली पिवळसर, चपटी पिले असतात. अंड्यातून निघालेले पिलू थोडे चालते, जागा धरते, सोंड खुपसते आणि पंख फुटेपर्यंत तिथून हलत नाही. पिलाच्या शेवटच्या अवस्थेला कोष म्हणतात. पांढऱ्या माश्यांचे वर्गीकरण परंपरेने प्रौढावरून नव्हे, या कोषावरून होत आले, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

गेनाडियस यांनी १८८९ मध्ये ग्रीसमधील तंबाखूवरून या किडीचे पहिले वर्णन केले. पुढे देश बदलला, पीक बदलले की नवे नाव, असे होत गेले. भारतात मिश्रा आणि लांबा यांनी १९२९ मध्ये कपाशीवरील माशीला बेमिसिया गॉसिपिपर्डा म्हटले. १९५७ मध्ये लुईस रसेल यांनी अशी अनेक नावे एकाच नावात विलीन केली. त्यामागचे कारण १९६३ मध्ये लॉरेन्स माऊंड यांच्या कामातून स्पष्ट झाले : केसाळ पानावर वाढलेल्या कोषाच्या पाठीवर लांब केस येतात, गुळगुळीत पानावर ते येत नाहीत. म्हणजे ज्या खुणांवरून जाती पाडल्या, त्या किडीच्या नव्हत्या, पानाच्या होत्या.

पण विलीनीकरणही पुरते खरे ठरले नाही. पोर्तो रिकोत फक्त जट्रोफाच्या एका जातीवर राहणारी आणि अनेक झाडांवर फिरणारी, असे या माशीचे दोन वंश १९५० च्या दशकातच दिसले होते. १९८० च्या दशकात फ्लोरिडात जी माशी पसरली तिच्या पिलांमुळे भोपळ्याची पाने चांदीसारखी पांढरी पडत. जुन्या माशीमुळे तसे होत नसे. १९९४ मध्ये या नव्या माशीला स्वतंत्र जात म्हणून नाव मिळाले, पण त्यावर वाद झाला. जनुकीय नावपद्धतीत ती ‘मध्यपूर्व-आशिया मायनर १’ म्हणून ओळखली जाते.

ही पद्धत मायटोकाँड्रियातील (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या घटकातील) सायटोक्रोम ऑक्सिडेज १ या जनुकावर उभी आहे. २०१० मध्ये सुचवलेल्या निकषानुसार या जनुकात ३.५ टक्क्यांहून अधिक फरक असेल तर जात वेगळी धरतात. ही रेषा सोयीची आहे, निर्णायक नाही. ‘मध्यपूर्व-आशिया मायनर २’ म्हणून नोंदलेली जात मुळात नव्हतीच. जनुकाच्या निकामी नकलेचा क्रम वाचल्याने ती कागदावर जन्मली, हे २०१७ मध्ये उघड झाले. म्हणून संकराचा पुरावा मोलाचा. या किडीत फलन न झालेल्या अंड्यांतून नर आणि फलन झालेल्या अंड्यांतून माद्या होतात. दोन गटांचे नर-मादी एकत्र ठेवूनही फक्त नरच जन्मले, तर संकर झालेला नाही हे कळते. आशिया गटातल्या आणि बाहेरून आलेल्या माश्यांच्या प्रयोगांत हेच दिसले.

‘बेमिसिया टॅबासी’ या मूळ नावाचा मान यांपैकी कोणत्या जातीकडे जातो, हेही जनुकानेच ठरवले. गेनाडियस यांच्या जपून ठेवलेल्या नमुन्यातील डीएनए २०१२ मध्ये वाचला गेला आणि तो ‘भूमध्यसागरी’ जातीचा निघाला. सव्वाशे वर्षे संग्रहालयात पडून राहिलेल्या इवल्याशा किड्याने हा प्रश्न सोडवला, ही मला वर्गीकरणशास्त्रातली फार सुंदर घटना वाटते.

भारतात आशिया १, आशिया २-१ यांसह अनेक स्थानिक जाती आढळतात. कापसावरील पर्णगुच्छ (पाने आकसून वळण्याच्या रोगाच्या) विषाणूचा प्रसार उत्तरेत मुख्यतः आशिया २-१ करते. ‘मध्यपूर्व-आशिया मायनर १’ ही जात १९९९ मध्ये कर्नाटकातील कोलार भागात टोमॅटोवर सापडली आणि तिच्यासोबत पर्णगुच्छाचा प्रादुर्भाव भडकला. कीटकनाशकांना दाद न देण्याची क्षमताही जातीगणिक बदलते : भूमध्यसागरी जात निओनिकोटिनॉइड गटाच्या औषधांना फार प्रतिकार करते, आणि चीनमध्ये तिने आधी शिरलेल्या ‘मध्यपूर्व-आशिया मायनर १’ या परक्या जातीला बऱ्याच भागांतून हटवले. त्यामुळे भेंडीवरचा केवडा किंवा मुगावरचा पिवळा मोझॅक यांच्या अहवालात नुसते ‘पांढरी माशी’ लिहिणे पुरेसे नाही, असे माझे ठाम मत आहे. नमुना घेताना त्याच पानावरचे प्रौढ आणि कोष तीव्र अल्कोहोलात बुडवून, सोबत पीक, गाव आणि तारखेची चिठ्ठी ठेवली, तर जात पुढे केव्हाही ओळखता येते.