स्वीट इटालियन सॉसेज (घरगुती पाककृती)

डुकराच्या खिम्यात मीठ, मिरी आणि बडीशेप मिसळून, ते मिश्रण आतड्याच्या पातळ आवरणात भरून केलेले कच्चे सॉसेज. इटालियन स्थलांतरितांच्या स्वयंपाकातून ते अमेरिकेत रुळले आणि या नावाने मुख्यतः तिथेच विकले जाते. इटलीत ताज्या सॉसेजला नुसते साल्सिच्चा म्हणतात व त्याचा मसाला प्रांताप्रांतात बदलतो. 'स्वीट' म्हणजे तिखट नसलेले; 'हॉट' प्रकारात लाल मिरची असते. अमेरिकी कृषी खात्याच्या नियमांनुसार इटालियन सॉसेजमध्ये चरबी ३५ टक्क्यांहून जास्त चालत नाही, आणि मीठ व मिरीबरोबर बडीशेप किंवा ॲनिस (बडीशेपेसारखाच वास असलेला मसाला) असावेच लागते.

मीठ, मसाला आणि चरबी आधीच आत असल्यामुळे घरच्या स्वयंपाकात त्याचा मोठा आधार होतो. तेल चमचाभर पुरते, आणि पदार्थाचे मीठ मात्र शेवटी चाखूनच घालावे.

ते दोन तऱ्हांनी वापरतात. पहिली तऱ्हा आवरण काढून. सुरीच्या टोकाने लांबीभर चीर दिली की आवरण सहज सोलून निघते. आतला खिमा तापलेल्या पॅनमध्ये थापून पसरावा आणि खालची बाजू तांबूस होईपर्यंत त्याला हात लावू नये. लगेच ढवळायला घेतले की पाणी सुटते आणि मांस परतले जाण्याऐवजी करड्या रंगाचे शिजत राहते. बहुतेकांचा पदार्थ इथेच फिका पडतो. तांबूस झाल्यावर लाकडी उलथन्याने फोडावे आणि तळाला चिकटलेला खमंग थर थोडी व्हाइट वाइन किंवा पास्त्याचे पाणी घालून सोडवून घ्यावा. हाच पुढे सॉसचा पाया होतो.

दुसरी तऱ्हा अख्ख्याने शिजवण्याची. पॅनमध्ये बोटभर पाणी घालून झाकण ठेवावे व मंद आंचेवर शिजवावे. पाणी आटले की सुटलेल्या चरबीतच सॉसेज सगळीकडून परतावे. टोचे मारू नयेत, रस वाहून जातो. मधोमध तापमान ७१ अंश सेल्सिअस झाले की ते शिजले. कोंबडी किंवा टर्कीच्या सॉसेजला ७४ अंश लागतात.

याची सर्वांत चांगली जोडी कडवट पालेभाजीशी जमते, कारण तो कडूपणा चरबीचा जडपणा कापतो. नेपल्समध्ये साल्सिच्चाबरोबर फ्रियारिएल्ली ही कडवट पालेभाजी लसणावर परतून देतात. पुलिया प्रांतातल्या ओरेक्कियेत्ते पास्त्यात अशीच भाजी आणि अँचोव्ही मासे असतात. अमेरिकेत त्यात सॉसेज घालण्याची पद्धत रूढ आहे. मध्य इटलीतल्या उंब्रिया प्रांतात सॉसेज अख्ख्या मसुराबरोबर शिजवतात, तर तिथल्याच नॉर्चा गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नॉर्चिना पास्त्यात सॉसेज आणि क्रीम असते. उत्तर इटलीत ते पोलेंटावर, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट लापशीवर वाढतात.

अमेरिकेत कांदा व ढोबळी मिरचीबरोबर परतलेले सॉसेज पावात घालून खातात. न्यूयॉर्कमध्ये सान जेन्नारो या संताच्या उत्सवात हा पदार्थ ठरलेलाच. यात ढोबळी मिरची आणि कांदा पुरेसे मऊ व गोडसर होऊ द्यावेत, घाई करू नये. रविवारच्या टोमॅटो सॉसमध्ये ते मीटबॉल्सबरोबर तासन्‌तास रटरटते. शिकागोच्या डीप डिश (खोलगट भांड्यात केलेल्या जाड) पिझ्झावर कच्च्या सॉसेजचे चिमटीएवढे गोळे ठेवून तो भाजतात, त्यामुळे रस पिझ्झातच मुरतो.

कच्चे सॉसेज फ्रीजमध्ये एक-दोन दिवस, फ्रीझरमध्ये एक-दोन महिने ठेवावे. शिजवलेले फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहते. मिळाले नाही तर मिश्रण घरीही जमते. किलोभर चरबीयुक्त खिम्याला सुमारे १५ ते १८ ग्रॅम मीठ, भरड कुटलेली भाजकी बडीशेप, मिरी आणि लसूण घालून, चिकटपणा येईपर्यंत मळावे व रात्रभर फ्रीजमध्ये मुरू द्यावे. मग चिमूटभर तुकडा परतून चव पाहावी आणि उरलेल्याचे मीठ-मसाला त्यावरून ठरवावे.