एचएमजी-१ आणि एचएमजी-२: काम एक, लगाम वेगळे

पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या पेशीत एकच काम करणारी दोन विकरं आहेत, एचएमजी-१ आणि एचएमजी-२. एचएमजी-कोए या रेणूपासून मेव्हॅलोनेट तयार करायचं, हे ते काम. पुढे बऱ्याच पायऱ्या ओलांडून त्यापासून एर्गोस्टेरॉल बनतं. आपल्या पेशीपटलाला जसं कोलेस्टेरॉल, तसं यीस्टच्या पटलाला ते लागतंच. (माणसाच्या शरीरात स्टॅटिनच्या गोळ्या नेमकी हीच पायरी अडवतात.) दोनपैकी एक जनुक काढलं तरी यीस्ट जगतं, दोन्ही काढली तर मरतं. त्यामुळे एक मुख्य आणि दुसरं राखीव, असा समज सहज होतो. मला तो अपुरा वाटतो.

जिथे रासायनिक क्रिया घडते, तो भाग दोन्हींत जवळजवळ सारखा आहे. फरक आहे तो पटलात रुतलेल्या भागात, आणि दोन्हींवरच्या नियंत्रणात.

ऑक्सिजन मुबलक असला की पेशीत हीम हा लोहयुक्त रेणू तयार होतो. हीममुळे एचएमजी-१चं जनुक जोमाने चालतं आणि एचएमजी-२चं दबतं. म्हणून हवेत वाढणाऱ्या यीस्टमध्ये बहुतेक काम एचएमजी-१ करतं. हे प्रथिन टिकाऊही असतं.

एचएमजी-२ची गोष्ट अधिक सुंदर आहे. मेव्हॅलोनेटपासून पुढे बनणारा जेरानिलजेरानिल पायरोफॉस्फेट हा रेणू साठू लागला, की एचएमजी-२ची घडी थोडी सैल होते. एचआरडी-१ हे प्रथिन ते हेरतं, त्यावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण लावतं आणि प्रोटिएझोम हे प्रथिनं तोडणारं यंत्र त्याचे तुकडे करतं. सॅन दिएगोच्या रँडी हॅम्प्टन यांच्या प्रयोगशाळेने हा मार्ग उलगडला. बिघडलेली प्रथिनं निकालात काढणारी यंत्रणा पेशीने इथे उत्पादनाला आवर घालायला वापरली आहे! रेणू कमी झाला की सैल झालेली घडी पुन्हा घट्टही होते.

पण आवर घालण्याचा इशारा एर्गोस्टेरॉलकडून का येत नाही? माझ्या मते उत्तर ऑक्सिजनमध्ये आहे. एर्गोस्टेरॉलच्या वाटेवर स्क्वालीन हा रेणू लागतो; त्याच्या पुढचा रस्ता ऑक्सिजनशिवाय बंद असतो, आणि एचएमजी-२चं जनुक नेमकं अशाच टंचाईत मोकळं होतं. तेव्हा एर्गोस्टेरॉल बनतच नाही, मग त्याच्या पातळीवरून आवर कसा घालणार? जेरानिलजेरानिल पायरोफॉस्फेट मात्र ऑक्सिजनशिवायही बनतं.

एर्गोस्टेरॉल प्रत्यक्ष मोजणारं प्रथिन वेगळंच आहे, यूपीसी-२. एर्गोस्टेरॉल चिकटलेलं असेपर्यंत ते केंद्रकाबाहेर थांबतं; एर्गोस्टेरॉल घटलं की केंद्रकात शिरून एर्गोस्टेरॉल बनवणारी जनुकं चालू करतं. या दोन नियंत्रणांची गल्लत करू नये: एक विकराचं आयुष्य ठरवतं, दुसरं जनुकांचा वेग.

२००६मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीत शास्त्रज्ञ जे (Jay) केसलिंग यांच्या गटाने यीस्टकडून आर्टेमिसिनिक आम्ल बनवून घेतलं. मलेरियावरच्या आर्टेमिसिनिन या औषधाचा तो कच्चा माल. मेव्हॅलोनेटचा ओघ वाढवण्यासाठी त्यांनी पटलात रुतणारा भाग छाटलेलं हेच विकर वापरलं, आणि यूपीसी-२चं सतत चालू राहणारं रूपही.