चौरस सेंटिमीटरमागे कॅलरी, चौरस मीटरमागे वॅट

पिंपळगाव बसवंत किंवा दिंडोरीकडे द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज बांधायला घेतलं की टेबलावर वेगवेगळ्या भाषा बोलणारे कागद जमतात. पफ पॅनलच्या, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या पॉलीयुरेथेन फोमच्या पॅनलच्या, डेटाशीटवर वॅट असतात. रेफ्रिजरेशनचं काम करणारा माणूस बऱ्याचदा ताशी किलोकॅलरीत हिशेब मांडतो, कारण त्याचा एक टन (वजनाचा नव्हे, थंड करण्याच्या क्षमतेचा) म्हणजे ताशी ३०२४ किलोकॅलरी. बागेसाठी जुना हवामान तक्ता काढला, तर त्यात ऊन दिवसाला, चौरस सेंटिमीटरमागे कॅलरीत दिलेलं असतं. तिन्ही ठिकाणी मोजलेली गोष्ट एकच आहे: ठरावीक क्षेत्रफळातून ठरावीक वेळात किती उष्णता गेली. हीच उष्माप्रवाह घनता, म्हणजे हीट फ्लक्स.

रूपांतराचे गुणक पाठ करण्यात अर्थ नाही. एककाचे उष्णता, क्षेत्रफळ आणि वेळ असे तीन तुकडे करा आणि एकेक तुकडा बदला. समजा, सेकंदाला चौरस सेंटिमीटरमागे १ कॅलरी जाते आहे आणि आपल्याला ताशी, चौरस मीटरमागे किलोकॅलरी हव्या आहेत. कॅलरीची किलोकॅलरी करताना १००० ने भागायचं. तासात ३६०० सेकंद, म्हणून तेवढ्याने गुणायचं. चौरस मीटरमध्ये १०,००० चौरस सेंटिमीटर, म्हणून पुन्हा गुणायचं. उत्तर ३६,०००. मूळ एकक मिनिटाचं असेल तर ३६०० ऐवजी ६० घ्या, गुणक ६०० येतो.

चूक बहुतेक वेळा क्षेत्रफळात होते. मीटरचे सेंटिमीटर १००, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की चौरसालाही १००च लावले जातात आणि उत्तर शंभरपट कमी येतं. ही चूक पकडायला सूर्य कामाला येतो. वातावरणाबाहेर, सूर्याच्या थेट समोर धरलेल्या पृष्ठभागावर चौरस मीटरला सुमारे १३६१ वॅट पडतात, म्हणजे मिनिटाला चौरस सेंटिमीटरमागे १.९५ कॅलरी. जमिनीवर निरभ्र दुपारी पडणाऱ्या उन्हासाठी १००० वॅट हा आकडा सर्रास धरतात. तो मिनिटाला १.४३ कॅलरी, किंवा ताशी चौरस मीटरमागे ८६० किलोकॅलरी होतो. तुमच्या हिशेबात नाशिकचं ऊन मिनिटाला २ कॅलरींच्या वर गेलं किंवा भर दुपारी ०.०१ वर आलं, तर क्षेत्रफळाची पायरी पुन्हा तपासा.

वॅटकडे जाताना कोणती कॅलरी, हा प्रश्न येतो. इंजिनिअरिंगच्या वाफेच्या तक्त्यांतली कॅलरी ४.१८६८ ज्यूलची, रसायनशास्त्रातली ४.१८४ ज्यूलची. पहिली धरली तर ताशी चौरस मीटरमागे १ किलोकॅलरी म्हणजे बरोबर १.१६३ वॅट, दुसरी धरली तर १.१६२२. फरक ०.०७ टक्क्याचा. पॅनलच्या जाडीतच याहून जास्त फरक असतो, तेव्हा बांधकामाच्या हिशेबात त्यावर वेळ घालवू नये. एका तक्त्यात दोन्ही मिसळू नयेत, एवढं पुरे. खाण्याच्या पाकिटावरची 'कॅलरी' मात्र खरं तर किलोकॅलरी असते. ती साध्या कॅलरीच्या जागी घातली तर हजारपटीची गफलत होते.

आता कोल्ड स्टोरेजचाच हिशेब पाहू. पफची उष्णतावाहकता ताशी ०.०२० किलोकॅलरी प्रति मीटर प्रति अंश धरली, तर १०० मिमी पॅनलमधून प्रत्येक अंशाच्या फरकाला चौरस मीटरमागे ताशी ०.२ किलोकॅलरी जाते. बाहेर ४० अंश, आत शून्य: फ्लक्स ८ किलोकॅलरी, म्हणजे ९.३ वॅट. भिंती आणि छत मिळून ३०० चौरस मीटर असतील तर ताशी २४०० किलोकॅलरी, सुमारे ०.७९ टन. तोच ८ चा आकडा कोणी वॅट समजून वाचला तर भार ०.६८ टन निघतो, चौदा टक्के कमी. एककाशेजारी 'ताशी' लिहायचं राहिलं की नेमकं हेच होतं. इथेच आणखी एक गोष्ट सुटते. उन्हात तापलेल्या पत्र्याचं तापमान हवेपेक्षा बरंच जास्त असतं. छताचा बाहेरचा पृष्ठभाग ६० अंशांवर गेला तर तिथला फ्लक्स ८ वरून १२ होतो. म्हणून छत वेगळं मोजावं. शेतातून आलेला गरम माल थंड करण्याचा भार तर या गळतीहून फार मोठा असतो, तो यात धरलेला नाही.

दिवसाच्या एककात वेळेचा घोळ होतो. चौरस सेंटिमीटरला १ कॅलरी म्हणजे १ लँगली. दिवसाला ५०० लँगली म्हणजे चौरस मीटरवर २०.९ मेगाज्यूल, किंवा ५.८ युनिट वीज. ८६,४०० सेकंदांनी भागलं की सरासरी २४२ वॅट येते, १२ तासांनी भागलं की ४८४. दोन्ही बरोबर आहेत, फक्त सरासरी चोवीस तासांची की दिवसाउजेडाची, हे आकड्याशेजारी लिहायलाच हवं.

बागेच्या पाण्यासाठी मात्र कॅलरीतच राहणं सोयीचं. ३० अंशांच्या आसपास १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी लागतात. चौरस सेंटिमीटरवर १ मिमी पाणी म्हणजे ०.१ ग्रॅम, म्हणून १ मिमी उडायला ५८ लँगली. ५०० ला ५८ ने भागलं की ८.६ मिमी, म्हणजे चौरस मीटरमागे ८.६ लिटर. ही उन्हाच्या हिशेबाने कमाल मर्यादा झाली. हिरव्या पिकावरून सुमारे २३ टक्के ऊन परावर्तित होतं असं धरतात. ते वजा केलं की ३८५ लँगली आणि ६.६ मिमी उरतात. पानं आणि जमीन आकाशाकडे परत सोडतात ती उष्णता यातूनही वजा करायची, आणि मगच ठिबकचे तास ठरवायला बसायचं.