पार्ले स्टेशन आणि १९२१ सालच्या दोन शाळा

१२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून दक्षिण मुंबईतल्या बॅक बे स्टेशनाकडे पहिली लोकल निघाली. तिच्या थांब्यांत अंधेरी होतं, बांद्रा होतं, पण पार्ले, म्हणजे आजचं मुंबईचं उपनगर विलेपार्ले, नव्हतं. बी. बी. अँड सी. आय. (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेचे रूळ गावाजवळून गेले तरी गाडी थांबत नव्हती, आणि शेतं, वाड्या, विहिरी असलेल्या या साष्टीतल्या गावाला तिची फारशी गरजही नव्हती.

गरज निर्माण केली ती १८९६च्या प्लेगने. गिरगाव, भुलेश्वर, मांडवीच्या दाट चाळींतून ज्यांना शक्य होतं ते मोकळ्या हवेच्या शोधात बाहेर पडले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पार्ल्याला गाडी थांबू लागली आणि फोर्टातल्या कचेरीत नोकरी करणाऱ्या माणसाला इथे बिऱ्हाड करणं परवडू लागलं. पूर्वेला जमिनीचे तुकडे पाडून वसाहती आखल्या गेल्या. तेजपाल स्कीम, परांजपे स्कीम ही नावं आजही पत्त्यांत टिकून आहेत.

कर्ता माणूस रोज गाडीने शहरात जाऊ शकतो. सहा-सात वर्षांच्या पोराला तसं पाठवता येत नाही. त्यामुळे स्टेशनभोवती वस्ती वाढली की शाळेचा प्रश्न लगेच उभा राहतो. पार्ल्यात त्याला काळाचीही जोड मिळाली. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत सरदारगृहात लोकमान्य गेले. त्याच ऑक्टोबरात मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा झाला, आणि डिसेंबरात नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनाने असहकारावर शिक्कामोर्तब केलं. सरकारी शाळांवर बहिष्कार घालायचा, तर मुलांनी शिकायचं कुठे, हा प्रश्न घराघरांत आला.

पार्ल्याने त्याला एकाच वर्षात दोन उत्तरं दिली. ९ जून १९२१ रोजी लोकमान्यांच्या नावाने पार्ले टिळक विद्यालय सुरू झालं. पहिल्या दिवशी विद्यार्थी चार. त्याच वर्षी राष्ट्रीय चळवळीच्या प्रेरणेने राष्ट्रीय शाळाही निघाली. ती १९३४ साली श्री विलेपार्ले केळवणी मंडळ या शिक्षणसंस्थेने चालवायला घेतली. त्या मंडळाचा पसारा आज रुळांच्या पश्चिमेला आहे, टिळक विद्यालय पूर्वेला. पूर्व मराठी, पश्चिम गुजराती अशी पार्ल्याची वाटणी सहज केली जाते. पण दोन्हीकडच्या शाळांची मुळं एकाच वर्षात, एकाच चळवळीत आहेत, हे मला जास्त मोलाचं वाटतं. १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहात जमनालाल बजाज आणि किशोरलाल मशरूवाला या गांधीजींच्या सहकाऱ्यांची छावणी पार्ल्यात उभी राहिली, त्यामागेही दहा वर्षांची ही मशागत होती.

पुढचा वेग विजेचा. १९२८च्या जानेवारीत कुलाबा ते बोरिवली विजेच्या गाड्या धावू लागल्या. पुढच्याच वर्षी पार्ल्याचा बिस्किटांचा कारखाना सुरू झाला. त्याचा खरपूस वास २०१६पर्यंत गाडीच्या दारातच यायचा आणि स्टेशन आल्याचं कळायचं. १९५९ साली टिळक विद्यालयाच्या संस्थेने पार्ले कॉलेज काढलं, म्हणजे आजचं साठ्ये. १९६१ साली पश्चिमेला मिठीबाई कॉलेज आलं. सकाळी शहराकडे माणसं पाठवणारं स्टेशन आता बोरिवली-विरारहून येणारी मुलं उतरवून घेऊ लागलं.

आज पूर्वेची जुनी मराठी घरं विखुरत आहेत. विमानतळाच्या फनेल झोनमुळे, म्हणजे विमानांच्या उतरण्या-चढण्याच्या मार्गाखालच्या पट्ट्यामुळे, इमारतींच्या उंचीवर मर्यादा आल्या, अनेक इमारतींचा पुनर्विकास अडला आणि पुढच्या पिढीने बोरिवली, वसई, डोंबिवली गाठली. त्यात इंग्रजी माध्यमाची ओढ. मराठी वर्ग भरणं हे आता दरवर्षीचं काम झालं आहे.

रेल्वेचा इतिहास रेल्वेने जपला आहे: रूळ कधी पडले, वीज कधी आली. इथे कोण येऊन राहिलं, हे मात्र शाळेच्या जनरल रजिस्टरात सापडतं. मुलाचं नाव, जन्मस्थान, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याचं कारण, एवढे रकाने ओळीने वाचले तरी कोकणातून, गिरगावातून लोक कसे सरकत आले आणि पुढे कसे निघून गेले, याचा माग लागेल. उपनगरातल्या प्रत्येक शंभरी पार केलेल्या शाळेने ही रजिस्टरं वाळवीच्या तोंडी जाण्याआधी स्कॅन करून ठेवावीत आणि मुलांची ओळख झाकून अभ्यासकांना खुली करावीत.