पार्सन्स, ग्रॅम
(५ नोव्हेंबर १९४६ – १९ सप्टेंबर १९७३). अमेरिकन गायक, गीतकार व गिटारवादक. कंट्री (अमेरिकेच्या ग्रामीण दक्षिणेत रुजलेले लोकप्रिय संगीत) आणि रॉक यांचा मेळ घालणाऱ्या संगीताच्या जडणघडणीत त्याचा वाटा मोठा आहे. मूळ नाव इनग्रॅम सेसिल कॉनर (तिसरा). जन्म फ्लॉरिडातील विंटर हेवनचा. बालपण जॉर्जियातील वेक्रॉस गावी गेले. त्याचे आजोळ संत्र्या-मोसंब्यांच्या बागांवर गब्बर झालेले होते. पैशाची ददात कधीच नव्हती, पण घरात स्वास्थ्य नव्हते. १९५८ च्या नाताळच्या तोंडावर वडिलांनी आत्महत्या केली. १९६५ मध्ये, त्याचे शालेय शिक्षण संपले त्याच दिवशी, आई दारूपायी गेली. पार्सन्स हे आडनाव सावत्र वडिलांचे. हार्वर्डमध्ये तो जेमतेम एक सत्र टिकला.

१९६८ च्या प्रारंभी तो ‘द बर्ड्‌स’ या गाजलेल्या रॉक वाद्यवृंदात दाखल झाला आणि काही आठवड्यांतच त्याने सर्वांना कंट्री संगीताची राजधानी मानल्या जाणाऱ्या नॅशव्हिलला नेले. लांब केसांच्या युद्धविरोधी तरुणांना कंट्री म्हणजे सनातन्यांचे गाणे वाटे, तर नॅशव्हिलच्या श्रोत्यांना हे तरुण डोळ्यांसमोर नकोत, असा तो काळ. ‘ग्रँड ओल ऑप्री’ या तिथल्या मानाच्या कंट्री कार्यक्रमाच्या मंचावर त्यांचे स्वागत थंडच झाले. त्यातच पार्सन्सने जाहीर झालेले गाणे बाजूला सारून स्वतःचे ‘हिकरी विंड’ म्हटले व ते आजीला अर्पण केले, आयोजक चिडले. या काळातील ‘स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ’ हा अल्बम ऑगस्टमध्ये निघाला. त्याआधीच, वर्णद्वेषी राजवटीच्या दक्षिण आफ्रिकेत गायला नकार देऊन तो बाहेर पडला होता. (रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाच्या कीथ रिचर्ड्‌सचा सहवास सोडवत नव्हता म्हणून तो मागे थांबला, असेही त्याचे सहकारी म्हणत.)

नंतर बर्ड्समधील सहकारी क्रिस हिलमनसोबत त्याने ‘द फ्लाइंग बरिटो ब्रदर्स’ हा वाद्यवृंद स्थापन केला. ‘द गिल्डेड पॅलेस ऑफ सिन’ (१९६९) या अल्बमच्या मुखपृष्ठावरचा त्याचा झगमगीत कोट कंट्री गायकांच्या थाटाचा आहे, पण त्यावरचे भरतकाम अफूच्या फुलांचे, गोळ्यांचे आणि गांजाच्या पानांचे! आतल्या संगीतातही तोच खट्याळपणा आहे: पेडल स्टील गिटारचा (कंट्रीतील आडवी ठेवून वाजवायची गिटार) करुण सूर रॉकच्या खरखरीतून काढलेला. अल्बम फारसा खपला नाही.

पार्सन्सचा आवाज तयारीचा नव्हे. तो पातळ आहे, वरच्या पट्टीत थरथरतो, क्वचित सुटतोही. तरी विरहगीतांत हीच उणीव त्याला साथ देते. एमिलू हॅरिस या तेव्हा अपरिचित गायिकेबरोबरची द्वंद्वगीते त्याची सर्वांत परिपक्व कामगिरी होय. ‘जीपी’ (१९७३) आणि मरणोत्तर आलेला ‘ग्रीव्हस एंजल’ (१९७४) या दोन अल्बमांत ती आहेत.

दारू व मॉर्फीनच्या अतिसेवनाने कॅलिफोर्नियातील जोशुआ ट्री येथे, वयाच्या २६ व्या वर्षी तो वारला. त्याच्याच इच्छेचा हवाला देत व्यवस्थापक फिल कॉफमनने एका साथीदारासह लॉस एंजेलिसच्या विमानतळावरून शवपेटी पळवली आणि वाळवंटात तिला अग्नी दिला. मृतदेह कायद्याने कुणाची मालमत्ता नसल्याने दंड झाला तो पेटीच्या चोरीबद्दल. उरलेल्या अवशेषांचे दफन लुइझिआनात झाले. या प्रकरणाच्या चर्वितचर्वणात त्याची गाणी बराच काळ झाकोळली गेली.

त्याच्या हयातीत जे खपले नाही, तेच मिश्रण सौम्य करून ‘ईगल्स’ या वाद्यवृंदाने अफाट यश मिळवले. १९९० च्या दशकातील ‘ऑल्ट-कंट्री’ (रूढ चौकटीबाहेरची कंट्री) कलावंतांनी त्याला पूर्वसूरी मानले. हॅरिसने तर त्याची गाणी पुढे अनेक वर्षे स्वतःच्या मैफलींत गात ठेवली आणि १९९९ मध्ये त्याच्या स्मरणार्थ निघालेल्या अल्बमच्या निर्मितीतही पुढाकार घेतला.