नोंदवहीतलं नाव: ब्रिटनमध्ये डॉक्टर-परिचारिकांच्या नियमनाचा कायदा इथवर कसा आला

समोरचा डॉक्टर शिकलेला आहे की भोंदू, हे आजारी माणसाने ओळखायचं कसं? ब्रिटनचा १८५८ चा वैद्यकीय कायदा याच प्रश्नातून जन्मला. शिकलेला आणि न शिकलेला यांतला फरक रुग्णाला कळावा, हा हेतू कायद्याच्या प्रास्ताविकातच नोंदलेला आहे. त्यासाठी जनरल मेडिकल कौन्सिल स्थापन झाली आणि पात्र डॉक्टरांची नोंदवही तिच्याकडे आली. बिनपदवीच्या माणसाला उपचार करायला कायद्याने बंदी घातली नव्हती. नोंदणी नसताना ती असल्याची बतावणी करणं हा मात्र गुन्हा ठरला.

कायदा रुग्णासाठी होता, पण नोंदवही सांभाळणारे जवळजवळ सगळे डॉक्टरच होते. पुढच्या शंभर-दीडशे वर्षांतल्या बहुतेक भांडणांचं मूळ इथे सापडतं, असं मला वाटतं. सुइणींसाठी १९०२ मध्ये, परिचारिकांसाठी १९१९ मध्ये स्वतंत्र कायदे आले. पुढे एकेका व्यवसायाची वेगळी परिषद आणि वेगळी नियमावली होत गेली. १९७० च्या दशकात कौन्सिलच्या कारभाराची पहिली मोठी चौकशी झाली, तीही रुग्णांच्या तक्रारींमुळे नव्हे. दरवर्षी फी भरायला डॉक्टरांनी विरोध केला, म्हणून मेरिसन समिती नेमली गेली.

त्याच काळातली एक फाइल मात्र थांबून वाचायला हवी. १९७६ मध्ये हॅरॉल्ड शिपमन या तरुण डॉक्टरला पेथिडीन हे मॉर्फिनसारखं वेदनाशामक औषध मिळवण्यासाठी खोट्या चिठ्ठ्या लिहिल्याबद्दल कोर्टात दोषी ठरवून दंड झाला. ते तो स्वतःच घेत होता. प्रकरण कौन्सिलकडे गेलं. तिने ताकीद देणारं पत्र पाठवलं आणि नोंदवहीतलं नाव तसंच राहू दिलं. पुढच्याच वर्षी तो मँचेस्टरजवळच्या हाइड गावात फॅमिली डॉक्टर म्हणून रुजू झाला. लोकांचा तो आवडता डॉक्टर होता. घरी येऊन तपासायचा, आणि पेशंट गेला की मृत्यूचा दाखलाही तोच लिहायचा. जानेवारी २००० मध्ये १५ खुनांसाठी त्याला जन्मठेप झाली, आणि त्याचं नाव नोंदवहीतून निघालं ते त्यानंतर. न्यायमूर्ती जॅनेट स्मिथ यांच्या चौकशीत त्याने मारलेल्या २१५ जणांची निश्चिती झाली. त्यांत वयस्क स्त्रिया सर्वाधिक होत्या. दार उघडून ज्याला विश्वासाने आत घेतलं, त्याच्याच हातून त्या गेल्या. ते ताकीदपत्र लिहिणाऱ्यांना पुढचं काही दिसणं शक्य नव्हतं, हे मान्य. पण २००४ च्या अहवालात स्मिथ यांनी कौन्सिलच्या संस्कृतीवरच बोट ठेवलं: रुग्णांच्या सुरक्षिततेपेक्षा डॉक्टरांच्या हिताकडे तिचा कल होता.

ब्रिस्टलच्या रुग्णालयात हृदयशस्त्रक्रियेनंतर बालकं दगावत होती. तिथल्या एका भूलतज्ज्ञाने वर्षानुवर्षं सांगूनही फारसं कुणी ऐकलं नाही. त्या प्रकरणाचा अहवाल २००१ मध्ये आला. या दोन धक्क्यांनंतर बदलांना वेग आला. सगळ्या परिषदांवर लक्ष ठेवणारी संस्था २००२ च्या कायद्याने उभी राहिली. जनरल मेडिकल कौन्सिलमध्ये निवडून येणाऱ्या डॉक्टरांऐवजी नेमलेले सदस्य आले, त्यांत डॉक्टर नसलेलेही होते. २०१२ च्या अखेरीस डॉक्टरांना ठरावीक काळाने आपली पात्रता पुन्हा सिद्ध करणं बंधनकारक झालं.

तरी मूळ चौकट तीच जुनी होती, ठिगळं लावलेली. एकूण ३२ व्यवसाय आणि नऊ परिषदा, प्रत्येकीचा कायदा वेगळा. साधा कार्यपद्धतीचा नियम बदलायचा तरी सरकारची आणि प्रिव्ही कौन्सिल या राजसत्तेच्या सल्लागार मंडळाची मंजुरी लागे. तीच चूक परिचारिकेकडून झाली की एक पद्धत, दंतवैद्याकडून झाली की दुसरी. म्हणून इंग्लंड-वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड इथल्या तिन्ही विधी आयोगांनी (कायद्यांत सुधारणा सुचवणाऱ्या संस्थांनी) मिळून काम हाती घेतलं आणि एप्रिल २०१४ मध्ये सगळ्या परिषदांसाठी एकाच कायद्याचा मसुदा अहवालासोबत सादर केला. रुग्णांचं संरक्षण हे त्यात मुख्य उद्दिष्ट होतं. हातात तयार मसुदा असताना सरकारने तो संसदेत मांडलाच नाही, याची चुटपुट लागते. त्याऐवजी २०१७ मध्ये सल्लामसलत झाली आणि २०२१ मध्ये पुन्हा एकदा.

अखेर नवी चौकट पहिल्यांदा लागू झाली ती डिसेंबर २०२४ मध्ये, तीही डॉक्टरांना नव्हे, तर त्यांच्यासोबत काम करणाऱ्या फिजिशियन असोसिएट आणि ॲनेस्थेशिया असोसिएट यांना. त्यांच्या बाबतीत तक्रार आली आणि चौकशीतले निष्कर्ष व सुचवलेली कारवाई त्यांनी मान्य केली, तर पूर्ण सुनावणीशिवाय प्रकरण मिटवता येतं. नियम बदलण्याचे अधिकारही जनरल मेडिकल कौन्सिलकडे आधीपेक्षा जास्त आले. ही तरतूद लागू झाली त्या दिवशी त्याच वॉर्डातला डॉक्टर मात्र १९८३ च्याच वैद्यकीय कायद्याखाली होता.