माशांच्या टाकीतलं पाणी हलतं कसं ठेवायचं, तेही दोन-तीनशे रुपयांत

मे महिन्यात रत्नागिरीत आमच्याकडे पहाटे पाचला टाकीपाशी गेलं की सगळे गप्पी मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असायचे, आणि घरात सगळ्यांना वाटायचं की भूक लागलीय. भूक नाही हो, जीव गुदमरतोय त्यांचा. रात्री अंधारात टाकीतली झाडं ऑक्सिजन बनवत नाहीत, उलट माशांसारखीच वापरतात, त्यामुळे उजाडायच्या आधी तो सगळ्यात कमी असतो. त्यात आपला उकाडा. 25 अंशाला लिटरभर गोड्या पाण्यात जास्तीत जास्त साधारण 8.2 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशाला 7.5च्या आसपास, आणि गरमीत माशाला लागतो मात्र जास्त.

हा ऑक्सिजन पाण्यात शिरतो तो मुख्यतः वरच्या पृष्ठभागातून. पाणी अगदी स्थिर असेल तर नुसतं पसरत पसरत त्याला एक सेंटिमीटर खाली उतरायला साधारण सात तास लागतात, आणि अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट, म्हणजे फूटभर खोल टाकीच्या तळाला पोचायला आठ-नऊ महिने! मासे फिरतात, पाणी गरम-थंड होतं म्हणून प्रत्यक्षात इतकी वेळ येत नाही, पण पाणी ढवळणं का गरजेचं ते यावरून कळतं. पऱ्ह्याचं, म्हणजे ओढ्याचं पाणी बघा, दगडांवर आपटत, उलटंपालटं होत येतं, तिथे ही अडचणच नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत, पहिला खर्च छोट्या एअर पंपावर आणि स्पंज फिल्टरवर करा (पाण्यात बुडवायचा स्पंज, त्यातून वर येणारी उभी नळी, आणि तिच्यात पंपाची हवा सोडायची). लोक म्हणतात बुडबुडे ऑक्सिजन देतात. देतात, पण थोडाच, कारण बुडबुडा सेकंद-दीड सेकंदात वर जाऊन फुटतो. खरं काम वेगळंच आहे: उभ्या नळीतलं पाणी बुडबुड्यांमुळे हलकं होतं, वर चढतं, त्याच्या जागी तळाचं पाणी स्पंजातून ओढलं जातं आणि वर पृष्ठभाग सतत हलता राहतो, तेलकट तवंगही मोडतो. 3 वॉटचा पंप दिवसरात्र चालला तरी महिन्याला दोन-सव्वादोन युनिट. कूलरचा 18 वॉटचा पंपही बरेचजण टाकतात, पण तो तेराएक युनिट खातो, शिवाय पाण्यात बुडालेला असल्याने त्याची उष्णता पाण्यातच जाते आणि लहान टाकीत झोत फार जोरात लागतो, मला तरी तो पटत नाही.

फायटर मासा असेल तर हवा अगदी हळू सोडा. तो मूळचा संथ पाण्यातला, वर येऊन हवेतूनही श्वास घेतो, आणि जोराच्या प्रवाहात लांब पंख सांभाळता सांभाळता दमून जातो.

आणि एअर पंप टाकीच्या पाण्यापेक्षा उंच फळीवर ठेवा. पावसाळ्यात आपल्याकडे लाईट कधी जाईल नेम नाही, आणि पंप खाली असला की बंद पडल्यावर हवेच्या नळीतून पाणी उलटं येतं. आमच्याकडे एकदा रात्रीत पंप भिजून गेला, सकाळी जमिनीवर पाणीच पाणी. लाईट लवकर येत नसेल तर तांब्या घ्या, टाकीतलंच पाणी भरा आणि वीतभर उंचीवरून धार धरून परत सोडा, दहा-पंधरा वेळा, मग अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा.